क्लच नवा टाकला, पण पेडल मऊ लागतंय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (सासवड) : आमच्या डिझेल पिकअपचा क्लच सेट बदलून घेतला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन. क्लच हायड्रॉलिक आहे, खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. अंजीर-सीताफळाच्या दिवसांत गाडी दिवे घाटातून रोज मार्केट यार्डात जाते. आता पेडल पहिल्यापेक्षा फारच मऊ लागतं. रिव्हर्स टाकताना कधी करकर होते, कधी होत नाही. मेकॅनिक म्हणतात, नवीन क्लच असाच असतो, थोडा चालला की बसेल. हे खरं मानायचं का?

उत्तर : अर्धं खरं आहे. क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटं गिअरबॉक्सच्या दिशेला सरकतात आणि ती दाबायला जास्त जोर लागू लागतो. हा बदल इतका हळू होतो की चालवणाऱ्याच्या पायाला त्या जडपणाची सवय होऊन जाते. नवा सेट पडला की पेडल एकदम हलकं वाटतं, आणि त्यात काही बिघाड नाही. पण नव्या क्लचमध्ये रिव्हर्सला करकर होणं कुठल्याही हिशेबात बसत नाही. करकर होते याचा अर्थ पेडल दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. ते आपोआप बसेल म्हणून वाट बघू नका, कारण त्यात सिंक्रोनायझर (गिअरचा वेग जुळवणारा भाग) आणि गिअरचे दाते खराब होतात.

त्यामुळे पेडल ‘मऊ’ म्हणजे नेमकं कसं, हे आधी पायानेच ठरवा. गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि पेडल हळूहळू शेवटपर्यंत दाबा. वरून खालपर्यंत एकसारखा, हलका पण ठाम विरोध लागला तर पेडल नुसतं हलकं आहे, बिघडलेलं नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबल्यावर लागतं तसं लवचीक लागत असेल तर क्लचच्या ऑइल लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरला की पेडल सावकाश खाली बसत जात असेल तर कुठेतरी सिलिंडरमधला रबर कप (पिस्टनवरचं सील) गळतोय. आणि वरचा बराच प्रवास रिकामा जाऊन अगदी तळाशी जोर लागत असेल तर खेळ जास्त आहे, नाहीतर रिलीज बेअरिंग ढकलणारा आतला फोर्क जागेवर नाही. चारही तक्रारींना बोलताना ‘मऊ पेडल’च म्हणतात, पण इलाज चौघांचे वेगळे आहेत.

पायाला नीट कळत नसेल तर दोन चाचण्या करा. पेडल पटापट पाच-सहा वेळा पंप करा. पेडल वर येऊन घट्ट झालं आणि मिनिटभराने पुन्हा मऊ पडलं तर बहुतेक वेळा हवाच असते. मग पेडल मध्यम जोराने दाबून तीस-चाळीस सेकंद तसंच धरा. खाली सरकत गेलं तर गळती. क्लच ऑइलच्या टाकीतलं ऑइल कमी होत असेल तर गळती बाहेर आहे. ऑइल जागच्या जागी असून पेडल बसत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेल्या वरच्या सिलिंडरच्या) आतल्या कपावरून ऑइल परत टाकीकडे जातंय.

बाहेरची गळती शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलिंडरचा रॉड आत जातो, तिथे बोट फिरवून बघा आणि खालची मॅट ओली आहे का तेही बघा. मग गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरचा, रबरी बूट थोडा मागे सारा. आत नुसता ओलसरपणा असेल तर लक्ष ठेवा, थेंब पडला तर सिलिंडर गेला. क्लचच्या टाकीतही ब्रेक ऑइलच असतं; ते पातळ असतं आणि पाण्यात विरघळतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. एवढ्यावरून कुठलं ऑइल गळतंय ते कळतं.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय हवेवर आणि दुसरा स्लेव्ह सिलिंडरवर आहे. गिअरबॉक्स उतरवताना स्लेव्ह सोडून पाइपला लटकत ठेवतात. त्या वेळी कोणाचा चुकून पेडलवर पाय पडला तर पिस्टन पुढे सरकतो, कधी बाहेरच पडतो. मग हवा शिरते, आणि परत बसवताना कपाची कडही दुमडते.

क्लच बदलल्यावर जुना स्लेव्ह अचानक गळायला लागतो त्याचं कारण बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. झिजलेल्या प्लेटमुळे पिस्टन कित्येक महिने सिलिंडरमध्ये आत ढकललेल्या जागीच काम करत असतो. नवी प्लेट पडली की डायफ्रामची बोटं इंजिनाच्या दिशेला जातात आणि पिस्टन पुढे येतो. पुढच्या त्या भागात एवढ्या काळात कप पोचलेलाच नसतो. तिथे गंज, मळ, पावसाळ्यातलं पाणी साचलेलं असतं. रबर त्यावरून घासलं की दोन-चार आठवड्यांत गळती सुरू. मेकॅनिकने स्लेव्हला हातही लावला नसेल तरी हे घडू शकतं, म्हणून गळती दिसली की त्यांच्याशी भांडण्याआधी सिलिंडर उघडून बोअर (आतली भिंत) बघा.

थोडी हवा एवढा फरक कशी पाडते, त्याचा हिशेब सोपा आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास 15.87 मिमी (म्हणजे 5/8 इंच) आणि स्ट्रोक 30 मिमी धरला, तर एका दाबात जेमतेम 6 मिली ऑइल सरकतं. समोरचा स्लेव्ह 20.64 मिमीचा असेल तर त्याचा रॉड साधारण 18 मिमी पुढे येतो. लाइनमध्ये फक्त 1 मिली हवा अडकली तरी ती दाबली जाण्यात सहावा हिस्सा वाया जातो आणि रॉडचा प्रवास 15 मिमीवर येतो. क्लच सुटताना प्लेटच्या दोन्ही बाजूंना मिळून पडणारी फटच दीड-दोन मिलिमीटरची असते, त्यामुळे एवढी घट करकर व्हायला पुरते. सगळ्या गाड्यांचे आकडे हेच नसतात, पण प्रमाण असंच असतं.

म्हणून एक माप जरूर घ्या. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि खाली स्लेव्हच्या रॉडशेजारी पट्टी धरून रॉड किती सरकतो ते मोजा. गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा रॉड कमी सरकत असेल तर दोष हायड्रॉलिक बाजूला आहे आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची गरज नाही. रॉड पूर्ण सरकूनही करकर होत असेल तर दोष आत आहे. या एका मापाने गिअरबॉक्स उतरवायची दुहेरी मजुरी वाचू शकते.

वरचा सिलिंडर की खालचा, हे ठरवायचं असेल तर रबरी होज दाबायचा खास क्लॅम्प मिळतो, तो स्लेव्हकडे जाणाऱ्या होजवर लावा. पक्कड लावू नका, होज आतून चिरतो. क्लॅम्प लावल्यावर पेडल दगडासारखं घट्ट झालं तर वरचं सगळं ठीक आहे, दोष खाली. तरीही मऊ राहिलं किंवा बसत गेलं तर मास्टर सिलिंडर बदला.

प्रश्न (धायरी) : मेकॅनिकने दोनदा हवा काढली, तरी पेडल स्पंजासारखंच आहे. घरच्या घरी नीट हवा काढायची तर कशी?

उत्तर : सामान थोडंच लागतं. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला असेल, बहुतेक डॉट 3 किंवा डॉट 4, त्याची सीलबंद 500 मिलीची बाटली. स्लेव्हवरच्या निपलवर (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी. एक जुनी प्लॅस्टिकची बाटली. निपलच्या मापाचा रिंग पाना. गाडीगणिक 8 ते 11 मिमीपर्यंत काहीही असू शकतं. आणि पेडलवर बसायला एक माणूस. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. गाडीखाली शिरायचं असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर शिरू नका, स्टँड लावाच.

निपलभोवतीची माती आधी ब्रशने काढा. नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. वरच्या माणसाला ‘दाब’ म्हटल्यावर त्याने पेडल सावकाश तळापर्यंत न्यायचं आणि तिथेच धरायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा आटा उघडा, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतील. निपल बंद करा, मगच ‘सोड’ म्हणा. निपल उघडं असताना पेडल सुटलं तर तीच हवा परत आत जाते. दोनदा हवा काढूनही फरक न पडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. पेडल स्वतःहून वर येत नसेल तर हाताने उचलून घ्या.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी वरून हवा ओढली जाते आणि सगळं काम पहिल्यापासून. स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल सलग आठ-दहा दाबांत आलं की थांबा. एवढ्यात साधारण 200 ते 300 मिली ऑइल जातं. निपल बेताने कसा. ते पोकळ असतं आणि जोर केला तर मोडून सिलिंडरमध्येच राहतं.

इतकं करूनही स्पंज जात नसेल तर ऑइल घालत बसू नका, हवा कुठे अडकली ते शोधा. हवा नेहमी वर जाते. स्लेव्ह अशा कोनात बसलेला असेल की निपलपेक्षा सिलिंडरचा दुसरा एखादा कोपरा उंच आहे, तर त्या कोपऱ्यातली हवा निपलमधून कधीच निघणार नाही. अशा वेळी स्लेव्हचे दोन बोल्ट सोडा, पाइप लावलेलाच ठेवा, पिस्टन हाताने किंवा क्लॅम्पने पूर्ण आत दाबून धरा, आणि निपल सगळ्यांत वर येईल असा सिलिंडर धरून ब्लीडिंग करा, म्हणजे हवा काढा. पिस्टन आत दाबल्याने सिलिंडरमधली जागाच कमी होते, मग हवेला लपायला कोपरा राहत नाही. काही गाड्यांत पाइप चासीवरून वर चढून पुन्हा खाली येतो; त्या उंचवट्यातही हवा बसते.

त्यावर आमच्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे खालून वर ऑइल ढकलणं. टाकीतलं अर्धं ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर वरून सांडेल. 100 मिलीच्या सिरिंजमध्ये नवं ऑइल भरून सिरिंज आणि नळीतली हवा काढा. नळी निपलला लावा, निपल उघडा आणि ऑइल अगदी हळू वर ढकला. हवेलाही वरच जायचं असतं, त्यामुळे बुडबुडे टाकीत येताना दिसतात. जुनं, काळं पडलेलं ऑइल असेल तर मात्र हा प्रकार आधी करू नका, खालचा मळ मास्टर सिलिंडरमध्ये जातो. आधी नेहमीच्या पद्धतीने जुनं ऑइल खाली काढून टाका.

व्हॅक्यूम पंपाने ओढताना निपलच्या आट्यांमधून हवा येत राहते आणि बुडबुडे संपतच नाहीत. ते बुडबुडे लाइनमधले आहेत असं समजून लिटरभर ऑइल वाया घालवू नका.

प्रश्न (बाणेर) : माझ्या हॅचबॅकला स्लेव्ह सिलिंडर बाहेर नाही, गिअरबॉक्सच्या आत रिलीज बेअरिंगसोबतच आहे असं गॅरेजमध्ये सांगितलं. क्लच सेट बदलून आठवडा झाला, पेडल मऊ होतं आणि टाकीतलं ऑइल कमी होतंय. सेट बदलताना हा भाग जुनाच ठेवला होता.

उत्तर : गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागणार, याला दुसरी वाट नाही. बेअरिंग आणि सिलिंडर एकाच तुकड्यात असतो आणि इनपुट शाफ्टभोवती (इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याभोवती) बसतो. तो गळला की ऑइल बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या आवरणात) पडतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, सर्वांत खालच्या भागाला हात लावून बघा. तिथे पातळ, पाण्यात विरघळणारा ओलावा लागला तर खात्री झाली. आतलं ऑइल नव्या क्लच प्लेटवर उडालं तर प्लेटही घसरायला किंवा धक्के द्यायला लागते, म्हणून दिवस घालवू नका. गाडी कमीत कमी चालवा, आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटच्या अस्तरावर ऑइल भिनलेलं दिसलं तर तीही बदला. ब्रेक क्लीनरने पुसून ती नीट होत नाही.

अशा गाड्यांत क्लच सेट घेताना हा सिलिंडर नवाच टाकायचा, हा आमचा आग्रह आहे. भागाची किंमत पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे कमी असते. बसवताना गॅरेजमध्ये दोन गोष्टींवर लक्ष द्या. गिअरबॉक्स इंजिनाला जोडण्याआधी पेडल दाबायचं नाही आणि सिलिंडर हाताने पंप करून बघायचा नाही. समोर प्रेशर प्लेटचा अडथळा नसेल तर पिस्टन गरजेपेक्षा पुढे जाऊन सील जागेवरून सुटतं. आणि त्याच्या नळीवर, सीलवर ग्रीस लावायचं नाही. इनपुट शाफ्टच्या खाचांवर मात्र ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं.

तुमच्या गाडीत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असेल तर आणखी एक सांगतो. अशा टाकीत क्लचकडे जाणारी नळी वरच्या अंगाला काढलेली असते. ऑइल कमी झालं की आधी क्लच जातो आणि ब्रेकसाठी खाली ऑइल शिल्लक राहतं. म्हणजे पेडल मऊ होणं हा ब्रेकसाठीही इशारा आहे. टाकी भरून वेळ मारून नेऊ नका.

प्रश्न (भोसरी) : छोटी पेट्रोल गाडी, केबलचा क्लच. नवी प्लेट टाकल्यापासून पेडल वरून सैल आहे, अगदी तळाला गेल्यावर गिअर पडतो. केबल जुनीच आहे. यात तर ऑइलही नाही, मग मऊ कसं?

उत्तर : मारुती 800, अल्टो, वॅगनआर अशा केबलच्या गाड्यांत हे नवी प्लेट पडल्यावर जवळजवळ होणारच. जुनी प्लेट झिजत गेली तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होत गेला, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला केबलचा नट थोडा थोडा सैल केला गेला. आता नव्या प्लेटमुळे डायफ्रामची बोटं रिलीज बेअरिंगपासून लांब गेली आणि त्या सैल केलेल्या केबलचा सगळा ढिलेपणा पेडलला आला. बहुतेक वेळा नट कसला की काम झालं.

पेडल हाताच्या बोटांनी दाबा. विरोध लागेपर्यंत ते किती खाली जातं ते पट्टीने मोजा. मॅन्युअलमधला आकडा बघा. केबलच्या बऱ्याच गाड्यांत तो 10 ते 25 मिमीच्या दरम्यान असतो. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी केबलच्या टोकाला अ‍ॅडजस्टिंग नट असतो, काही गाड्यांत त्याच्यावर लॉक नटही असतो. तो फिरवून माप जुळवा, पाच-सात वेळा पेडल दाबा आणि पुन्हा मोजा. खेळ शून्यावर आणू नका. शून्य खेळ म्हणजे रिलीज बेअरिंग सतत फिरत राहणार आणि प्रेशर प्लेटवर कायम थोडा दाब राहणार. मग हीच नवी प्लेट कात्रजच्या चढाला घसरू लागेल.

नटाचे आटे संपले तरी खेळ जुळत नसेल तर केबल ताणली गेली आहे किंवा तिचं बाहेरचं आवरण फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) खोबणीत नीट बसलेलं नाही. पेडलजवळच्या टोकाला केबलचे धागे तुटलेले आहेत का तेही टॉर्चने बघा. रिलीज शाफ्टवरचा लिव्हर दात्यांवर बसतो. काढून परत बसवताना तो एक दाता चुकला असेल तर कितीही नट फिरवला तरी प्रवास पुरत नाही. आणि केबल बदलायची वेळ आली तर नव्या केबलमध्ये तेल सोडू नका. आतून अस्तर असलेल्या केबलमध्ये तेलाने धूळ धरते आणि ती जड होते.

प्रश्न (हिंजवडी) : सकाळी पेडल उत्तम असतं. संध्याकाळी चांदणी चौकाकडे तासभर रांगेत अडकलं की पेडल मऊ पडतं, गिअर पडत नाही. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. क्लच दोन महिन्यांपूर्वीच नवा टाकलाय.

उत्तर : थंड असताना ठीक आणि तापल्यावर मऊ, असं असेल तर सर्वांत आधी ऑइलचं वय विचारा. क्लच बदलताना ऑइलही बदललं असेल असं आपण धरून चालतो, पण स्लेव्ह न उघडता बाजूला बांधून ठेवला असेल तर ऑइल जुनंच राहतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नियमाप्रमाणे ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, आणि ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 आहे. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. पाइप किंवा स्लेव्ह सायलेन्सरच्या जवळून जात असेल तर रांगेत उभ्या गाडीत तिथे उष्णता साचते, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती हवेसारखीच दाबली जाते. थंड झालं की वाफेचं पाणी होतं आणि पेडल परत येतं.

सगळं ऑइल बदला आणि यापुढे दर दोन वर्षांनी बदला. पाइप एक्झॉस्टला चिकटलेला आहे का, आधीची पत्र्याची ढाल परत बसवली आहे का, हेही बघा. गिअरबॉक्स उतरवताना काढलेली ढाल कोपऱ्यात तशीच पडून राहणं फार होतं. इतकं करूनही तक्रार राहिली तर रबरी होज. जुना होज तापल्यावर नरम पडतो आणि दाबाखाली फुगतो. पेडल दाबलं जात असताना होजवर हात ठेवला तर फुगवटा बोटांना जाणवतो. इंजिन बंद असताना बघा.

तिसरी शक्यता मास्टर सिलिंडरच्या कपाची. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेला कप दाब धरत नाही. वर सांगितलेली पेडल दाबून धरण्याची चाचणी गाडी तापलेली असतानाच करा, थंड गाडीत ती काही दाखवणार नाही. आणि रांगेत पेडलवर पाय ठेवून उभं राहू नका, न्यूट्रल करा. दोन महिन्यांच्या क्लचचं आयुष्य त्यात फार जातं.

प्रश्न (चाकण) : हवा काढली, वरचा-खालचा दोन्ही सिलिंडर नवे टाकले. पेडल मऊ नाही, चांगलं ठाम आहे. तरी इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात.

उत्तर : स्लेव्हचा रॉड पूर्ण सरकत असेल तर आता शोध बेल हाउसिंगच्या आत घ्यायचा. पहिली शंका क्लच प्लेट उलटी बसल्याची. प्लेटवर फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या जड चाकाकडची) बाजू लिहिलेली असते. उलटी बसली तर तिचा मधला उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना अडतो आणि प्लेट सुटतच नाही. दुसरी, फोर्क. तो पिव्होट बॉलवर क्लिपने अडकलेला असावा लागतो. क्लिप निसटली, बॉल झिजला किंवा फोर्क वाकला तर प्रवास तिथेच खर्च होतो.

तिसरी शंका फ्लायव्हीलची. लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग कापून सपाट करून) घेतलं असेल तर किती काढलं ते विचारा. ज्या फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेट बसते ती जागा वेगळ्या पातळीवर असतात, तिथे दोन्हीकडून सारखंच काढावं लागतं. फक्त घासणारी जागा कापली तर पायरीची उंची बदलते आणि दाबही बदलतो, सुटणंही बदलतं. नव्या सेटच्या रिलीज बेअरिंगची उंची जुन्या बेअरिंगशेजारी ठेवून मोजली होती का, हेही विचारा. डबा बरोबर मॉडेलचा असतो, आतला भाग शेजारच्या मॉडेलचा निघतो, असं घडतं.

गिअरबॉक्स उघडलाच तर प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून कसले होते का, याचा पुरावा तिच्या कव्हरवर दिसेल. एक बोल्ट पूर्ण कसून मग दुसरा कसला असेल तर कव्हर वाकतं आणि डायफ्रामची बोटं एका पातळीत राहत नाहीत. सपाट पट्टी बोटांवर आडवी ठेवून बघा. एखादं बोट खाली-वर असेल तर ती प्रेशर प्लेट परत वापरू नका.

प्रश्न (हडपसर) : टाकीत ऑइल कमी दिसलं म्हणून चुकून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल घातलं. पेडल आता वर येताना अडकतं. फ्लश केलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाने फुगतं. एकदा फुगलेला कप ऑइल बदलल्याने पुन्हा मूळ मापाला येत नाही. मास्टर सिलिंडर, स्लेव्ह, रबरी होज, टाकीच्या झाकणाचं रबर, सगळं बदला. लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने आणि हवेने साफ करून ठेवता येतील. टाकी ब्रेकशी सामाईक असेल तर गाडी अजिबात चालवू नका, टो करून न्या. तेच ऑइल ब्रेकच्या सिलिंडरलाही पोचलेलं असू शकतं.

प्रश्न (कोथरूड) : नाना पेठेत स्लेव्ह सिलिंडरचं रबर किट फार स्वस्तात मिळतं, पूर्ण सिलिंडर कितीतरी महाग. किट टाकून भागेल का?

उत्तर : बोअर बघून ठरवा. पिस्टन काढा, सिलिंडर स्वच्छ ब्रेक ऑइलने धुऊन पुसा (पेट्रोल किंवा डिझेलने नाही) आणि आत टॉर्च मारून करंगळीचं नख फिरवा. नख कुठेही अडलं, खड्डा किंवा ओरखडा लागला, तर नवं रबर महिनाभरही टिकणार नाही. पूर्ण सिलिंडर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला पॉलिश पेपर मारून काम भागवू नका, वरचा कठीण थर निघून जातो. बोअर आरशासारखा असेल तर किट जरूर टाका. कपावर ताजं ब्रेक ऑइल लावा, त्याची ओठासारखी कड ऑइलच्या दाबाकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बाजूला ठेवा, आणि पिस्टन फिरवत फिरवत आत न्या. किट घेताना जुना कप सोबत न्या आणि सिलिंडरवर कोरलेलं माप वाचून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षागणिक बोअर बदललेला असू शकतो.